तांबड्या पानांचा हट्ट

फिश टँक घ्यायला गेलेला माणूस आधी मासे पाहतो, मग पंप, मग रंगीत खडी, आणि निघता निघता "चार झाडेपण द्या" म्हणतो. ही झाडे बहुधा प्लॅस्टिकची असतात. जांभळी, नारिंगी, आणि निसर्गाला अद्याप न सुचलेल्या एका गुलाबी रंगाची. ज्यांना त्यांचा कंटाळा येतो ते जिवंत पाणवनस्पतींकडे वळतात. मीही त्यांतलाच. परंतु वळताना प्लॅस्टिकची सवय बरोबर येते. पाने हवीत ती लालभडकच! हा हट्ट कोणाच्या जिवावर पुरवला जातो, त्याविषयी थोडे लिहावेसे वाटते. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने ही लुडबूड का करावी, असे कोणी विचारील. प्रश्न रंगाचा आहे, हेच माझे उत्तर.

मुळात टाकीत वनस्पती आली ती शोभेसाठी नव्हे. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे आपला प्रयोग मांडला. दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही फितीसारख्या पानांची पाणवनस्पती त्याने एका भांड्यात ठेवली. झाडाने माशांना प्राणवायू पुरवला, पण सडक्या पानांनी पाणी गढूळ होऊ लागले. तेव्हा त्याने गोगलगाई सोडल्या, त्यांनी सडके खाल्ले आणि तिघांचा संसार सुरळीत चालू लागला. 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द आजच्या अर्थाने लोकांच्या तोंडी बसवणारे फिलिप गॉस यांचे पुस्तक त्यानंतरचे, १८५४ चे. म्हणजे टाकीला नाव मिळण्यापूर्वीच वनस्पती त्यात घरमालकीण म्हणून नांदत होती. आपण तिला पडदे-चादरींच्या रांगेत बसवले.

आता तांबड्या रंगाविषयी. हिरव्या पानात हरितद्रव्य असते, तसे काही जातींत अ‍ॅन्थोसायनिन नावाचे तांबडे द्रव्यही तयार होते. प्रखर प्रकाशात ते पानाला छत्रीसारखे उपयोगी पडते. साहजिकच प्रकाश मंद झाला की छत्रीची गरज संपते आणि पान पुन्हा हिरवट होते. दुकानातल्या झगझगीत दिव्याखाली शेंदरी दिसणारी रोटाला घरच्या साध्या पट्टीखाली महिन्याभरात फिकी पडते, ती त्यामुळेच. मग लोक प्रकाश वाढवतात. पण नुसता प्रकाश वाढवून भागत नाही. पाण्यात कर्बवायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. झाड उपाशी राहते आणि त्या उजेडाचा फायदा शेवाळ घेते. म्हणून कर्बवायूचा सिलिंडर, नंतर खताच्या बाटल्या. त्यातही गंमत अशी, की रोटालाच्या काही जाती पाण्यातले नायट्रेट कमी असताना अधिक लाल होतात. म्हणजे ज्या रंगाचे आपण कौतुक करतो तो कधी कधी अर्धपोटी झाडाचा असतो! ज्याला परवडते आणि वेळ आहे त्याने हे सारे जरूर करावे. त्यात विद्या आहे. माझी तक्रार आहे ती हे टाळून रंग मिळवणाऱ्यांबद्दल.

पहिली पळवाट दुकानदाराची. जमिनीवरच्या कुंडीत सुखाने वाढणारी झाडे 'पाण्यातली' म्हणून विकली जातात. ज्याला लकी बांबू म्हणतात तो ड्रॅसिना, जांभळ्या पानांचा हेमिग्राफिस, रंगीत कॉर्डिलाइन. यांची पाने हवेसाठी घडलेली. पूर्ण बुडवली की ती काही आठवडे, कधी काही महिने तग धरतात, मग सडतात. ते मरण इतके सावकाश असते की गिऱ्हाईक स्वतःच्याच हाताला दोष देते. (याउलट क्रिप्टोकोराइनसारख्या खऱ्या पाणवनस्पतीची जुनी पाने नव्या पाण्यात विरघळून जातात, पण मूळ जिवंत असते, ती उपटून फेकू नये. ही चूक मात्र दुकानदाराची नव्हे.)

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. नोव्हेंबर २०२० मध्ये केरळात कोझिकोड जिल्ह्यातल्या आवळपांडी या गावचा पाण्याचा प्रवाह गुलाबी फुलांनी भरून गेला. लोक छायाचित्रे काढायला लोटले. ती फुले होती कॅबोम्बा फर्काटाची. मध्य व दक्षिण अमेरिकेतली ही तांबूस, पिसासारखी वनस्पती जगभर फिश टँकसाठी विकली जाते. एकदा बाहेर पडली की तुटलेल्या तुकड्यातूनही ती नवी उगवते, दाट माजते आणि स्थानिक वनस्पतींचा उजेड अडवते. आपल्याला हे नवीन वाटू नये. शोभेसाठी आणलेल्या जलपर्णीने आपल्या नद्या-तळ्यांचे काय केले, ते पुण्याच्या मुळा-मुठेच्या पुलावरून कोणालाही पाहता येते.

आणि बाहेरून आणलेले इथे सोडतो, तसे इथले उपटूनही आणतो. सह्याद्री या बाबतीत श्रीमंत आहे. रोटालाच्या कित्येक जाती पश्चिम घाटातल्या, क्रिप्टोकोराइन इथल्या ओढ्यांतली. कासच्या पठारावर पावसाळी डबक्यांत दोन तुऱ्यांचा वायतुरा फुलतो. तो सातारा परिसराच्या पठारांवरच आढळतो आणि संकटग्रस्त गणला जातो. चार महिने पाणी आणि आठ महिने कोरडा कातळ, असा त्याचा जन्म. त्याला बारमाही टाकीत आणणे म्हणजे त्याला झोपू न देणे होय. सहलीला जाताना पिशवीत डबा नेणाऱ्या मित्रांनी एवढे ध्यानात घ्यावे. ऊतिसंवर्धनाने तयार केलेली रोपे हल्ली डबीत बंद होऊन बाजारात मिळतात. गोगलगाईची अंडी नाहीत, शेवाळ नाही, आणि कोणाचा ओढाही रिकामा होत नाही.

रंगाचाच विचार करायचा तर जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांच्या टाक्यांची चित्रे पाहावीत. डच पद्धतीत निरनिराळ्या रंगांच्या झाडांचे ताटवे शेजारी-शेजारी मांडतात. अमानोंनी दगड, ओंडके आणि मुख्यतः हिरवा, एवढ्यावर अरण्य उभे केले. त्यांची लिस्बनच्या मत्स्यालयातली २०१५ ची टाकी ४० मीटर लांब आहे. तिथे लाल रंग असतो तो एखाद्या कुंकवाच्या बोटाएवढा. हिरव्यातल्या छटा पाहायला डोळा तयार व्हावा लागतो, आणि हे शिक्षण तर आपल्याच शाखेचे!

आपल्या वाचनकक्षातल्या टाकीत अजून प्लॅस्टिकची जांभळी झाडे उभी आहेत. ती बदलण्याचे घाटते आहे असे कानावर आले. तिथला दिवा साधा आहे. तेव्हा व्हॅलिस्नेरिया, जावा फर्न आणि तपकिरी क्रिप्टोकोराइन लावावी, दिवा रोज सात-आठ तास ठेवावा, आणि पहिले दोन महिने कोणी काही उपटू नये. व्हॅलिस्नेरियाची नवी रोपे माझ्या टाकीत दर पंधरवड्याला निघतात. ज्याला हवीत त्याने डबा घेऊन यावे. उरलेली मी नाल्यात टाकत नाही. गच्चीवर कडकडीत वाळवतो आणि तुळशीच्या कुंडीत घालतो.