चूल कोणी निवडायची?



झरीच्या बैठकीपुढे कापसाचा भाव, पीकविमा आणि विजेचे बिल हे नेहमीचे विषय आहेतच. त्यांच्या जोडीला या खेपेला आणखी एक विषय घेतला आहे : घरातली चूल. विषयपत्रिका वाचून दोन-तीन कार्यकर्ते हसले. एकाने विचारले, "भाऊ, संघटनेनं आता भानवशीपाशी बी जायचं का?" जायचे. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले तेव्हापासून शेतकरी चळवळीला उंबऱ्याबाहेर थांबायची सोय राहिलेली नाही.

विषय आताच घेण्याचे कारण वेगळे आहे. परभणी-जिंतूर रस्त्याच्या कडेच्या गावांत टेम्पोतून चुली येऊ लागल्या आहेत. पत्र्याची, दिसायला सुबक, एका भांड्याची चूल. फुकट. बदल्यात आधारकार्डाची झेरॉक्स, चुलीशेजारी उभ्या बाईचा फोटो आणि इंग्रजी कागदावर एक सही किंवा अंगठा. फुकट म्हटले की आपण कागद वाचत नाही. काही गावांतून संघटनेला विचारणा आली आहे की ही चूल घ्यावी का, आणि घ्यायचीच तर कोणती चांगली. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. उत्तर मात्र टेम्पोवाल्याकडून घ्यायचे नाही.

आधी मागचा अनुभव आठवू. १९८३ च्या सुमारास केंद्र सरकारने सुधारित चुलींचा कार्यक्रम सुरू केला आणि २००२ पर्यंत चालवला. देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या असे सरकारी हिशेब सांगतो. आमच्या घरीही त्यातली एक बसली होती. दोन भांड्यांची, धुराड्याची, 'निर्धूर' चूल. बसवणारा आला, अर्ध्या दिवसात काम उरकून गेला, वहीत एक आकडा वाढला. पहिल्या पावसात धुराड्याच्या भोकातून पाणी गळले. दुसऱ्या वर्षी नळी काजळीने बुजली आणि निर्धूर चुलीचा सगळा धूर तोंडातून बाहेर येऊ लागला. तिसऱ्या वर्षी आईने पहारीने ती फोडली आणि त्याच जागी आपल्या हाताने जुन्या घाटाची चूल घातली. साडेतीन कोटींच्या हिशेबात ती चूल अजून चालूच असेल.

चुलीचे शास्त्र खोटे होते असे नाही. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेने धुराड्याची 'लक्ष्मी' आणि बिनधुराड्याची 'भाग्यलक्ष्मी' अशा चुली बसवल्या, त्यांचे साचे कुंभारांच्या आणि बायकांच्या हाती दिले. जिथे चूल घालणारा गावातच होता तिथे ती टिकली. ओडिशात काही हजार घरांचा वर्षानुवर्षे मागोवा घेऊन तीन अर्थशास्त्रज्ञांनी एक अभ्यास केला. त्यात दिसले ते हेच. सुधारित चुलीने पहिल्या वर्षी धूर कमी झाला, पुढे फरक राहिला नाही, कारण दुरुस्ती आणि साफसफाई कोणी केली नाही. जळणही वाचले नाही. म्हणून चूल निवडताना पहिला प्रश्न हा, की बिघडली तर चार मैलांत दुरुस्त करणारा कोण?

आता धुराविषयी. धूर म्हणजे न जळलेले जळण. लाकूड तापले की त्यातून वाफा निघतात. त्या वाफांना पुरेशी हवा आणि पुरेशी धग मिळाली तर ज्योत होते, नाही तर धूर होतो. जुन्या चुलीत जळणातल्या उष्णतेचा साधारण दहावा हिस्सा भांड्याला लागतो. बाकी भिंतीला, हवेला आणि बाईच्या डोळ्यांना. चांगल्या चुलीत तीन गोष्टी केलेल्या असतात : जाळीखालून हवा येते, आगीची जागा लहान आणि उष्णता धरून ठेवणारी असते, आणि भांडे ज्योतीच्या टोकाशी नेमक्या अंतरावर बसते. भांडे फार खाली बसवले की ज्योत गार पडते आणि काजळी धरते. भांड्याचा बूड पाहून चूल ओळखता येते, त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

तरी प्रयोगशाळेचा दाखला मागावाच. भारतीय मानक १३१५२ मध्ये लाकूडफाट्याच्या चुलींची कसोटी दिलेली आहे. बिनपंख्याच्या चुलीने किमान २५ टक्के उष्णता भांड्याला दिली पाहिजे, पंख्याच्या चुलीने ३५ टक्के. भांड्यात पोचलेल्या दर मेगाज्यूल उष्णतेमागे धुराचे कण पहिलीत ३५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावेत, दुसरीत १५०. कार्बन मोनॉक्साइड दोन्हींत ५ ग्रॅमच्या आत. टेम्पोवाल्याला हा दाखला मागा. नुसते 'सरकारमान्य' म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा.

धूर हा शहराच्या नाकात गेला की त्याचा कायदा होतो. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस कोळशाच्या धुराचे धुके बसले आणि हजारो माणसे मेली. १९५६ मध्ये तिथे कायदा झाला. नगरपालिकेने जाहीर केलेल्या धूरबंदी भागात बिनधुराचे जळण किंवा मान्यताप्राप्त शेगडीच वापरायची. पण त्याच कायद्यात घरातली शेगडी बदलण्याच्या खर्चाचे ७० टक्के परत देण्याचीही तरतूद होती, हे आपल्याकडे कोणी सांगत नाही. आजही इंग्लंडमध्ये २०२१ पासून किरकोळ विक्रीच्या लाकडात २० टक्क्यांपेक्षा जास्त ओल चालत नाही. आपल्या राज्यात जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईच्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. ठीक आहे, मुंबईकरांच्याही छातीला जपले पाहिजे. पण २०१९ या एका वर्षात घरातल्या धुराने देशात सहा लाखांवर माणसे गेली असा वैद्यकीय संशोधकांचा अंदाज आहे. त्यासाठी कोणत्या न्यायालयाने कोणाला मुदत दिली? पाच बाय आठच्या स्वयंपाकघरात सरकारचा धूरबंदी भाग कधी पोचत नाही. तो आपला आपणच जाहीर करायचा आहे.

या घराला सगळ्यात चांगली चूल कोणती, असे विचाराल तर गॅस. यात आडपडदा नको. धुराच्या बाबतीत कोणतीही लाकडाची चूल गॅसची बरोबरी करत नाही. उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली आणि तिची आठ कोटींवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत दिली गेली. जोडणी मिळाली, पण टाकी कोण भरणार? २०२३-२४ मध्ये उज्ज्वलाच्या एका जोडणीमागे वर्षाला सरासरी चारच्या आसपास टाक्या भरल्या गेल्या. तीन माणसांच्या घरालाही चार टाक्या पुरत नाहीत. म्हणजे चहा आणि पाहुणा गॅसवर, भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवर. शेतमालाचा भाव पडला की टाकी कोपऱ्यात जाते आणि पऱ्हाटीचा भारा घरात येतो. गॅस परवडत नाही याचे खरे कारण बाजार समितीत सापडते, स्वयंपाकघरात सापडत नाही. ती लढाई चालू राहील. तोवर चूल पेटणारच आहे, तर ती बरी असावी एवढेच म्हणणे.

आणि इथे चूल बनवणाऱ्यांची एक मोठी चूक होते. ते चूल लाकडावर तपासतात. आपण जाळतो पऱ्हाटी, तुराटी, गोवरी, थोडी बाभूळ. एकरी टनाच्या आसपास पऱ्हाटी निघते आणि बहुतेक घरांचे वर्ष तिच्यावर निघते. पऱ्हाटी लांब असते, चटकन पेटते, भरभर संपते. वरून कांड्या टाकायची पंख्याची चूल कागदावर उत्तम आहे, पण तिला बोटाएवढे तुकडे लागतात. ते तुकडे करणार कोण आणि कधी? कापूस वेचून आलेली बाई रात्री विळा घेऊन बसणार का? वर पंख्याला बॅटरी, बॅटरीला वीज, आणि विजेचे आपल्याकडचे वेळापत्रक सर्वांना पाठ आहे. आपल्या जळणाला आडव्या तोंडाची, जाळीची, लांब काडी पुढे सरकवता येणारी चूल सोयीची पडते.

भाकरीचा मुद्दा तर कोणी लक्षातच घेत नाही. भाकरी तव्यावर अर्धी होते, फुगते ती तोंडाशी ओढलेल्या आरावर. सगळे जळण आतल्या आत जाळून टाकणारी, आर बाहेर न देणारी चूल भाकरीला निकामी आहे. अरुंद ज्योतीची चूल तव्याच्या मधोमध डाग पाडते आणि कडा कच्च्या ठेवते. पाच-सहा माणसांच्या घरात रोज पंधरा-वीस भाकरी थापणाऱ्या बाईने अशी चूल आठ दिवसांत माळ्यावर टाकली तर दोष तिचा नाही. 'बायका अडाणी, नवे स्वीकारत नाहीत' असे अहवालात लिहिणाऱ्या साहेबाने एकदा त्या चुलीवर दहा भाकरी करून दाखवाव्यात.

मातीची चूल घालणार असाल तर शेतातली काळी माती घेऊ नका. ती पाण्याने फुगते, वाळली की फाटते, आणि शेताच्या भेगा चुलीला पडतात. गावठाणातली पांढरी घ्या, भुसा आणि शेण मिसळा. धुराडे घातले तर ते छपराच्या वर चांगले हातभर न्या, पत्र्यातले भोक नीट बसवून घ्या आणि महिन्यातून एकदा नळी झाडा. हे महिन्याचे काम घरातल्या पुरुषाने आपल्याकडे घ्यावे. रोजचा स्वयंपाक तिच्याकडे आणि नळीही तिच्याकडेच, हे बरोबर नाही. आंघोळीच्या पाण्याची चूल शक्यतो अंगणात ठेवा. बहुतेक घरांत जळणाचा मोठा वाटा तीच खाते.

शेतीशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. पऱ्हाटीच्या गंजीत राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी झोपून राहते आणि पुढच्या हंगामात तीच आपल्या कापसावर येते. २०१७ चा फटका कोणी विसरलेला नाही. गंजी रचण्याआधी बोंडे झोडून काढा आणि नष्ट करा, गंजी शेतापासून लांब घाला, जून लागेपर्यंत ती संपवा. वाळलेली पऱ्हाटी धूर कमी करते हा त्यातला दुसरा फायदा. ओल्या जळणाची काही धग त्याचे पाणी उडवण्यात जाते, मग वर चूल कोणतीही असो.

जिवाशी गाठ असलेली एक गोष्टही इथेच सांगतो. धूर दिसत नाही म्हणजे हवा शुद्ध असे नाही. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. थंडीत निखाऱ्यांची शेगडी घेऊन दार-खिडकी लावून झोपू नका.

आता त्या इंग्रजी कागदाकडे. नवी चूल कमी जळण खाते, म्हणून कर्बवायू कमी सुटतो. वाचलेल्या एका टनाचे एक प्रमाणपत्र होते आणि ते जगाच्या बाजारात विकले जाते. घेणारे बहुधा परदेशी कारखानदार किंवा विमान कंपन्या. तुम्ही सही करता ती या प्रमाणपत्रांवरचा आपला हक्क सोडल्याची. म्हणजे चूल फुकट नाही. तिची किंमत वर्षानुवर्षे तुमच्या स्वयंपाकघरातून वसूल होणार आहे, फक्त ती तुम्हाला सांगितलेली नाही. कापसाचा भाव दुसऱ्याने ठरवायचा हे आपण इतकी वर्षे सोसले, आता न झालेल्या धुराचा भावही दुसराच ठरवतो.

त्या हिशेबातही गोम आहे. बचत मोजताना जळणातला काही हिस्सा परत न उगवणाऱ्या झाडांचा धरतात. पऱ्हाटी तर दर वर्षी उगवते. तिच्यावर जंगल वाचवल्याचा दाखला कसा काय निघतो? २०२४ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी चुलींची अशी प्रमाणपत्रे तपासली तेव्हा ती सरासरी नऊपटीहून जास्त फुगवलेली निघाली. माळ्यावर पडलेली चूलही चालू धरली जाते. साडेतीन कोटींचा हिशेब आठवा.

या कंपन्यांना गावात येऊच देऊ नये असे माझे मत नाही. व्यवहार म्हणून यावे. कागद मराठीत द्यावा, एक प्रत घरात राहावी. करार किती वर्षांचा, दुरुस्ती कोण करणार, प्रमाणपत्राच्या विक्रीतला किती हिस्सा त्या घरातल्या बाईच्या नावावर जमा होणार, हे त्यात लिहिलेले असावे. जमीन बायकोच्या नावे करण्याची लक्ष्मीमुक्ती ज्या चळवळीने गावोगाव केली, तिला चुलीचा करार नवऱ्याच्या सहीने करणे शोभणार नाही.

बैठकीत चुलींची परीक्षा घ्यायची आहे ती भाषणाने नव्हे. गावातल्या एका बंद स्वयंपाकघरात तीन चुली एकामागून एक लावू : घरातली जुनी, गावातल्या कारागिराने घातलेली धुराड्याची, आणि टेम्पोतली. प्रत्येकीला तीच पऱ्हाटी, तेच पीठ, तेवढेच वरण. जळण आधी आणि नंतर ताणकाट्यावर तोलायचे. चुलीसमोर बसलेल्या बाईच्या तोंडाच्या उंचीवर पांढरे फडके टांगायचे आणि दर चुलीला नवे. शेवटी मत द्यायचे ते ज्यांनी भाकरी केल्या त्या बायकांनी. पुरुषांनी भाकरी खाव्यात आणि गप्प बसावे.

येताना प्रत्येक गावाने पाच किलो वाळलेली पऱ्हाटी, बोंडे झोडून, आणि दोन किलो ज्वारीचे पीठ आणावे. ज्यांनी त्या कागदावर आधीच सही केली आहे त्यांनी कागदाची प्रत असेल तर ती आणावी. नसेल तर तसेच सांगावे, त्याचीही नोंद घेऊ.