५५ वर्षांनी मिळणारी माहिती

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २३ ऑगस्ट २०२१ रोजी फायझरच्या कोविड लशीला पूर्ण मान्यता दिली. त्यानंतर काही दिवसांतच तिथल्या डॉक्टर आणि प्राध्यापकांच्या एका गटाने तिकडच्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज केला. ज्या कागदपत्रांच्या आधारे मान्यता दिली, ती आम्हाला पाहू द्या, एवढेच मागणे. कागद लवकर मिळेनात म्हणून सप्टेंबरमध्ये हा गट टेक्सासमधील संघीय न्यायालयात गेला. एफडीएने कागद द्यायला नकार दिला नाही. महिन्याला ५०० पाने देऊ, असे सांगितले. कागदपत्रे होती निदान ३ लाख २९ हजार पानांची. भागाकार घरी करून पाहा, जवळपास ५५ वर्षे येतात. लस घेतली तेव्हा पंचविशीत असलेला तरुण शेवटचे पान ऐंशीव्या वर्षी वाचणार!

एफडीएची अडचण अगदीच खोटी नव्हती. चाचणीत भाग घेतलेल्यांची ओळख उघड होईल असा मजकूर आणि कंपनीची व्यापारी गुपिते ओळ न् ओळ वाचून झाकावी लागतात. या कामाला त्या विभागात दहा माणसे होती आणि रांगेत सुमारे ४०० अर्ज. तरीही ६ जानेवारी २०२२ रोजी न्यायाधीश मार्क पिटमन यांनी हा विषय सार्वजनिक महत्त्वाचा ठरवला आणि महिन्याला ५५ हजार पाने देण्याचा आदेश दिला.

लशीबद्दल मला शंका नव्हती, आजही नाही. म्हणूनच हा ५५ वर्षांचा आकडा मला जास्त खुपतो. औषध चांगले असूनही त्याचे कागद दडवले जात आहेत असे वाटू लागले, की घरातल्या आजीला लशीसाठी तयार करणे अवघड होते. अफवांना खतपाणी घालायला याहून सोपा मार्ग नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डॉ. जेकब पुलियल यांच्या याचिकेवर २ मे २०२२ रोजी निकाल लागला. चाचणीतल्या प्रत्येक व्यक्तीची मूळ माहिती खुली करा, ही मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. त्यामागे गोपनीयतेचा विचार होता आणि तो मला पटतो. पण चाचण्यांची जी माहिती नियमानुसार प्रसिद्ध व्हायला हवी ती विनाविलंब खुली करा आणि लशीनंतरच्या त्रासाच्या नोंदी लोकांना पाहता येऊ द्या, असेही न्यायालयाने बजावले. लोकांना आणि खासगी डॉक्टरांना असा त्रास थेट कळवता यावा, हेही सांगितले.

प्रत्येक वेळी कोर्टाची पायरी चढावीच लागते असे नाही. युरोपीय औषध संस्थेने २०१६ पासून मान्यता मिळालेल्या औषधांचे चाचणी अहवाल आपणहून प्रसिद्ध करायला सुरुवात केली. (मधली काही वर्षे हे काम रखडलेही.) कंपन्यांना ते रुचले नाही. मागणाऱ्याला अहवाल देण्याविरुद्धचा वाद युरोपच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने असे अहवाल सरसकट गोपनीय मानायला नकार दिला. झाकायचा मजकूर मान्यतेच्या वेळीच झाकून ठेवला, तर पुढे दहा माणसांवर लाखो पाने कोसळत नाहीत. आपल्या केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेलाही हे करता येईल. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ आपणहून माहिती जाहीर करायलाच तर सांगते.

तोवर अर्ज करायचाच असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. औषधांविषयीच्या अर्जाला ‘व्यापारी गोपनीयता’ हे कारण देऊन नकार मिळू शकतो. ते कारण कलम ८(१)(घ) मधले आहे, पण व्यापक जनहित असेल तर माहिती द्यावी, असेही त्याच कलमात लिहिले आहे. ते जनहित कोणते, हे अर्जातच दोन ओळींत मांडा. उत्तराची मुदत ३० दिवस. नकार आला तर पहिले अपील ३० दिवसांत आणि दुसरे, माहिती आयोगाकडचे, ९० दिवसांत करावे लागते.