राजाला माफी, रयतेला डाग

हर्सूल म्हटलं की औरंगाबाद शहराच्या माणसाला आधी तुरुंग आठवतो. म्हणून 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, इथली भाषणं बहुधा तिथूनच सुरू होतात: निजामाच्या राज्यात कोण आत गेले, कोणी लाठ्या खाल्ल्या. ते ऐकताना आजही ऊर भरून येतो. पण त्याच ओघात पुढे एक वाक्य येतं: 'निजामाच्या बाजूचे ते सगळे रझाकारच.' माझा आक्षेप या वाक्याला आहे.

रझाकार म्हणजे लातूरच्या कासिम रझवी वकिलाच्या हुकमतीतली सशस्त्र फौज. तिने गावं जाळली, माणसं मारली. त्या पापाला कुठलीही सबब चालणार नाही. पण निजामाच्या हैदराबाद संस्थानाची वस्ती दीड कोटीच्या वर होती. निजामाच्या हाली सिक्क्यात पगार घेणारा कारकून, उर्दूत शिकलेला मास्तर, सरकारी शिपाई, यांतल्या कित्येकांना दुसरं राज्य ठाऊकच नव्हतं. हुजुराशी इमान राखणं आणि शेजाऱ्याच्या घराला पलिता लावणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ते पुसलं की खऱ्या गुन्हेगारालाच गर्दीत लपायला जागा मिळते.

दुसरं म्हणणं असं की हा सरळ धर्माचा हिशेब होता. मग शोएबुल्ला खान कुठे बसवायचे? 'इमरोज'च्या या तरुण संपादकाने भारतातल्या विलीनीकरणाची बाजू लिहिली म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये त्यांचा हात तोडून त्यांना ठार केलं. उलट निजामाचे पंतप्रधान लायक अली यांच्या मंत्रिमंडळात उपपंतप्रधान होते पिंगळी वेंकटरामा रेड्डी. दलितांचे पुढारी बी. एस. वेंकटराव त्याच मंत्रिमंडळात होते. आणि हैदराबादची तक्रार घेऊन संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या शिष्टमंडळात होते बी. श्यामसुंदर, जन्माने आपल्याच औरंगाबादचे.

श्यामसुंदरांपाशी थांबायला हवं. नोव्हेंबर 1947 मध्ये डॉ. आंबेडकरांनी हैदराबादच्या दलितांना बजावलं होतं की निजामाची आणि इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाची बाजू घेऊ नका. बाबासाहेबांचंच बरोबर होतं, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. सरंजामी गादीच्या आडोशाने गावकुसाबाहेरच्या माणसाला न्याय मिळणार नव्हता. पण निजाम गेल्यावर गावात राज्य कोणाचं येणार, पाटील-देशमुखांचंच ना, ही श्यामसुंदरांसारख्यांची धास्ती खोटी नव्हती. वाट चुकली म्हणून त्यांना विकले गेलेले ठरवणं हा अन्याय आहे.

हरलेल्या बाजूच्या माणसांचं काय करायचं, हा प्रश्न इतरांनाही पडला आहे. अमेरिकेच्या क्रांतीतही इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहिलेले वसाहतवाले होते. युद्ध संपल्यावर त्यांतले हजारो लोक नोव्हा स्कोशियाकडे गेले. 1783 च्या तहात त्यांच्या जप्त मालमत्तेसाठी शिफारशीचं कलम घातलं गेलं, इंग्लंडने भरपाईसाठी आयोग नेमला. पुरेसं नसेल, पण त्यांचा प्रश्न कागदावर तरी आला.

आपल्याकडे काय झालं? 13 ते 17 सप्टेंबर 1948, पाच दिवसांत भारतीय फौजेचं 'पोलीस ॲक्शन' आटोपलं. ज्याच्या नावाने हे सारं चाललं तो निजाम मीर उस्मान अली, इंग्रजांनीच 'विश्वासू दोस्त' म्हणून गौरवलेला, 1950 साली त्याच हैदराबादचा राजप्रमुख झाला आणि 1956 पर्यंत राहिला. वर सालीना तनखा. आणि प्रजा? केंद्र सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्या दिवसांतल्या आणि नंतरच्या बळींचा अंदाज, हात राखून, 27 ते 40 हजार असा दिला. उस्मानाबाद आणि नांदेड सर्वांत होरपळलेल्या जिल्ह्यांत होते. औरंगाबाद आणि बीडही सुटले नाहीत. मेलेल्यांत रझाकार किती आणि नुसते मुसलमान म्हणून सापडलेले शेतकरी, विणकर, दुकानदार किती? तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला. राज्यकर्त्याशी तडजोड करणाऱ्या राष्ट्राला त्याच्या रयतेचे मृतदेह मोजायची लाज का वाटावी?

कोणी म्हणेल, हे बोलल्याने मुक्तिसंग्राम उणा होतो. मुळीच नाही. त्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ जबाबदार राज्यपद्धतीसाठी लढले. विलीनीकरण न्याय्य होतं, अटळ होतं, आणि उशिराच झालं. ज्या लढ्याचा पाया इतका भक्कम आहे, त्याला निष्पापांची नावं दडवण्याची गरज नाही.

येत्या 17 सप्टेंबरला हर्सूलमध्ये झेंडावंदनानंतर बोलायला जो उभा राहील, त्याच्याकडे माझ्या दोनच मागण्या आहेत. हुतात्म्यांच्या यादीत शोएबुल्ला खानांचं नाव मोठ्याने घ्यावं. आणि त्या जुन्या वाक्यातला 'सगळे' हा शब्द गाळावा.