अश्रू आणि पुरावा

ओप्रा विन्फ्रीचा दुपारचा शो १९८६ ते २०११ अशी पंचवीस वर्षं अमेरिकाभर चालला. मनमोकळ्या गप्पा ही त्याची ख्याती. पडद्यामागे मात्र कर्मचाऱ्यांकडून कायमच्या मौनाचा करार लिहून घेतला जाई. १९९९ साली इलिनॉयच्या अपील न्यायालयाने तो वैधही ठरवला.

सप्टेंबर २००७ मध्ये अभिनेत्री जेनी मॅकार्थी तिथे लस आणि ऑटिझमबद्दल बोलली. ओप्राने 'सीडीसी'चं निवेदन वाचून दाखवलं. त्यावर उत्तर मिळालं, माझा मुलगा हेच माझं विज्ञान! त्याच आठवड्यात आमच्या घरी प्रश्न आला, "मुलीची गोवराची लस पुढे ढकलूया का?" संशोधकाच्या घरी ही गत!

या भीतीचं मूळ असलेला वेकफील्डचा शोधनिबंध 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला. भीती राहिलीच. २०२५ मध्ये टेक्सासात लस न घेतलेली दोन मुलं गोवराने दगावली. सगळं खापर एका शोवर फोडणं अशास्त्रीय ठरेल. पण आईचं दुःख खरं असलं, तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष तपासावाच लागतो. तो न तपासता लाखो घरांत पोचवणं ही सहानुभूती नव्हे, बेजबाबदारी आहे.

आम्ही लस वेळेवर दिली.