पटलेली गोष्ट आणि सिद्ध झालेला गुन्हा

साहित्य शिकवणाऱ्यांना एक सवय जडलेली असते. पात्राच्या कपड्यांवरून, त्याच्या खोलीतल्या वस्तूंवरून, त्याने वाचलेल्या पुस्तकांवरून त्याच्या अंतरंगाचा ठाव घ्यायचा. कादंबरीपुरती ही सवय रास्त. तिथे प्रत्येक वस्तू लेखकाने हेतुपुरस्सर ठेवलेली असते. न्यायालयात मात्र हीच सवय एखाद्याच्या गळ्याचा फास होऊ शकते. अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातील वेस्ट मेम्फिस या गावच्या खटल्यात नेमके हेच घडले, असे आमचे मत आहे.

५ मे १९९३ रोजी या गावातली आठ वर्षांची तीन मुले बेपत्ता झाली. दुसऱ्या दिवशी जवळच्या रानातील ओढ्यात, बुटांच्या नाड्यांनी हातपाय बांधलेल्या अवस्थेत, त्यांचे मृतदेह सापडले. महिनाभरात तिघांना अटक झाली: डेमियन एकल्स (वय १८), जेसी मिसकेली (१७) आणि जेसन बाल्डविन (१६). खटला किती भक्कम आहे, एक ते दहा या मोजपट्टीवर सांगा, असे पत्रकारांनी विचारले तेव्हा तपासप्रमुखाने उत्तर दिले : अकरा!

या 'अकरा'मध्ये होते तरी काय? एक, मिसकेलीचा कबुलीजबाब. या मुलाचा बुद्ध्यंक ७२ च्या आसपास. वकील सोबत नसताना सकाळपासून संध्याकाळपर्यंत पोलिसांनी त्याला बसवून ठेवले. त्यातील तासभराचेही ध्वनिमुद्रण केले नाही. मुलांना सकाळी मारले असे तो आधी म्हणाला, जेव्हा ती शाळेत बसलेली होती. त्यांना दोरीने बांधले असेही म्हणाला. प्रत्यक्षात होत्या नाड्या. शिक्षा झाल्यानंतरही त्याने पुन्हा कबुली दिली, हा आक्षेप आजही घेतला जातो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. परंतु सवलतीच्या मोबदल्यात उरलेल्या दोघांविरुद्ध साक्ष देण्याची वेळ आली तेव्हा त्याने नकार दिला, ही गोष्टही त्याच पारड्यात टाकायला हवी.

दोन, एकल्सचे व्यक्तिमत्त्व. काळे कपडे, कर्कश संगीत, भयकथांचे वाचन, जादूटोण्याच्या इतिहासावरचे पुस्तक, वहीत लिहिलेल्या उदास ओळी. हे सारे सैतानपूजेची चिन्हे म्हणून ज्युरींसमोर मांडले गेले. ती चिन्हे वाचून दाखवायला जो तज्ज्ञ आणला, त्याची डॉक्टरेट एकाही वर्गात न बसता टपालाने मिळवलेली होती, हे उलटतपासणीत उघड झाले. तरीही त्याची साक्ष ग्राह्य धरली गेली. सैतानपूजकांच्या संघटित नरबळींना कोणताही पुरावा आढळत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्याच एफबीआयमधील एका अभ्यासकाने १९९२ मध्ये मांडला होता. पण शोकाने सुन्न झालेल्या गावाला निष्कर्षापेक्षा कथानक जवळचे वाटले. १९९४ मध्ये एकल्सला मृत्युदंड, इतर दोघांना जन्मठेप झाली.

आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब सामान्यतः पुरावा म्हणून चालत नाही. तेव्हा आपण निर्धास्त राहावे काय? नाशिकजवळ २००३ मध्ये घडलेल्या खून-दरोड्याच्या खटल्यात भटक्या जमातीतील सहा जणांना फाशीची शिक्षा झाली, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी कायम केली. त्यांतील एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. पुढे त्याच न्यायालयाने प्रकरण पुन्हा उघडले आणि मार्च २०१९ मध्ये सर्वांना निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख रुपयांची भरपाई द्यायला सांगितले. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नव्हता. तिकडे काळा सदरा पुरेसा ठरला. इकडे जमातीचे नाव. १८७१ च्या कायद्याने मारलेला 'गुन्हेगार जमाती'चा शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, मनातून नाही.

वेस्ट मेम्फिसच्या मुलांची बाजू घेणारे पुढे पुष्कळ निघाले. १९९६ मध्ये जो बर्लिंजर आणि ब्रूस सिनोफ्स्की यांचा 'पॅराडाइज लॉस्ट' हा माहितीपट आला. त्यातून निधी उभा राहिला, वकील मिळाले, नव्या चाचण्या झाल्या. २००७ मध्ये उघड झालेल्या डीएनए तपासणीत घटनास्थळच्या नमुन्यांत तिघांपैकी एकाचाही अंश आढळला नाही. हे श्रेय निर्विवाद. पण २००० साली आलेल्या दुसऱ्या माहितीपटाने संशयाची सुई मृत मुलांपैकी एकाच्या सावत्र वडिलांकडे वळवली. आधार कोणता? त्यांचे आक्रस्ताळे बोलणे, विचित्र हावभाव आणि तर्कवितर्क. म्हणजे एकल्सवर जो अन्याय झाला, त्याचीच पुनरावृत्ती त्याच्या कैवाऱ्यांनी केली! पुढे याच गृहस्थांनी तिघे निर्दोष असल्याचे जाहीरपणे सांगितले. बचाव करणाऱ्यांनी यातून शिकावे असे पुष्कळ आहे. 'हा नाही' हे सांगण्यासाठी 'मग तो' असे बोट दाखवायलाच हवे, असे नाही. पुरावा अपुरा आहे, एवढे ठामपणे म्हणणे हीच बचावाची खरी भूमी.

१९ ऑगस्ट २०११ रोजी तिघे सुटले, तेही एका चमत्कारिक तडजोडीने. 'आम्ही निर्दोष आहोत, तरी सरकारपक्षाकडे शिक्षेला पुरेसा पुरावा आहे हे मान्य करून दोष स्वीकारतो,' अशा अर्थाची ही कायदेशीर तरतूद. बाल्डविनला ती नको होती. एकल्सचा जीव वाचावा म्हणून त्याने होकार दिला. अठरा वर्षांच्या कैदेनंतर बाहेर आलेले हे तिघे कागदोपत्री आजही खुनी आहेत, आणि राज्याकडून भरपाई मागण्याची वाटही त्या तडजोडीने बंद केली. नव्या तंत्राने डीएनए चाचणी मागण्याचा एकल्सचा हक्क आर्कान्साच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तो २०२४ मध्ये.

अशा मुलांची बाजू घेणे म्हणजे मृतांच्या आईबापांच्या दुःखाचा अनादर, असे काहींना वाटते. आम्हांला ते पटत नाही. चुकीचा माणूस तुरुंगात गेला की बळी पडलेल्याची फाइलही त्याच्यासोबत बंद होते. तीन आठ वर्षांच्या मुलांना कोणी मारले, या प्रश्नाला तीस वर्षांनंतरही निःशंक उत्तर नाही. बचाव करणाऱ्यांनी एकल्स गुणी, सालस होता असे सिद्ध करायची गरज नव्हती; तो तसा फारसा नव्हताही. अप्रिय, विक्षिप्त, उद्धट तरुणालाही पुराव्याविना शिक्षा होऊ नये, एवढाच आग्रह आहे. वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना चिन्हे वाचायला शिकवतो. ती वाचायचे कुठे थांबवावे, हेही आम्हीच शिकवायला हवे.