वाडे पावसाने पडत नाहीत

पावसाळा तोंडावर आला की नाशिक महानगरपालिका जुन्या गावठाणातील धोकादायक वाड्यांना नोटिसा बजावते आणि आपले कर्तव्य संपले असे मानते. पुढे एखादी भिंत कोसळते, ढिगारा उपसला जातो आणि दोष पावसाच्या माथी मारला जातो. हे निदान खोटे आहे. तिवंधा, डिंगरअळी, भद्रकाली, तांबटअळी येथील लाकूड-विटा-मातीच्या वाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पावसाळे सोसले. 1969 चा गोदावरीचा महापूरही पाहिला. ते आज पडतात ते दुरुस्तीअभावी. आणि दुरुस्ती होत नाही, कारण ती कोणाच्याच हिशेबात बसत नाही.

हा हिशेब नीट मांडला पाहिजे. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीशी बांधली. टंचाईच्या काळात भाडेकरूला संरक्षण देणे न्याय्यच होते. त्या भाड्यात घर शाकारणेही होत नाही, ही मालकाची तक्रारही खरी आहे. 1999 च्या कायद्याने वार्षिक 4 टक्के वाढ दिली; परंतु मूळ रक्कमच क्षुल्लक, तिची वाढ ती किती असणार?

मात्र भाडे गोठले तरी जमिनीचे मोल गोठले नाही. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती, ओझरचा विमान कारखाना, सार्वजनिक पैशातून झालेले रस्ते आणि नळयोजना यांनी शहर वाढले. 1982 मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. कामगारांच्या श्रमाने आणि करदात्यांच्या पैशाने गावठाणातील गुंठ्याला भाव आला. तो पदरात पाडून घेण्यास मालकाला काही करावे लागत नाही. केवळ थांबावे लागते. वाडा पडला की भाडेकरू उठतो आणि मोकळी जागा बिल्डरच्या स्वाधीन होते. सारेच मालक असे वागतात असे नव्हे. अनेक वारसांत विभागलेली, स्वतःही गळक्या छताखाली राहणारी कुटुंबे आहेत. परंतु व्यवस्था बक्षीस देते ती पडझडीलाच.

येथे वारसाप्रेमी मंडळी कोरीव खांबांसाठी हळहळतात. आम्हाला सरदारी वैभवाचे उमाळे येत नाहीत. सरदार ओढेकरांनी बांधविलेले काळाराम मंदिर देशाच्या इतिहासात मोलाचे ठरले ते 2 मार्च 1930 पासून. त्या दिवशी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाडांच्या संघटनेने, अस्पृश्य मानली गेलेली माणसे त्याच्या बंद दारापुढे उभी राहिली. वास्तूला अर्थ येतो तो माणसांमुळे. सरकारवाडा संरक्षित स्मारक आहे, हे योग्यच. पण स्मारकाला संरक्षण आणि लगतच्या वाड्यातील कुटुंबाला नोटीस, हा कोणता न्याय?

उपाय अज्ञात नाही. मुंबईतील जुन्या चाळींसाठी 1969 मध्ये कायदा झाला, उपकर बसला, दुरुस्ती मंडळ स्थापन झाले. त्याचा कारभार निर्दोष नाही. तरीही दुरुस्ती ही सार्वजनिक जबाबदारी आहे, हे तत्त्व तेथे मान्य झाले. नाशिकला ते का लागू नाही? सिंहस्थासाठी घाट, पूल, रस्ते यांना निधी मिळतो. मग गावठाणासाठीच तिजोरी रिकामी का?

आमची मागणी स्पष्ट आहे. जमिनीच्या अनर्जित मूल्यवाढीवर उपकर बसवून नाशिकसाठी दुरुस्ती मंडळ स्थापन करा. जे वाडे वाचू शकत नाहीत, ते पाडण्यापूर्वी प्रत्येक भाडेकरूची नोंद करा आणि त्याच जागी त्याला घर द्या. सांगलीतील एका प्रकरणात 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला आहे की, महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. हे वाक्य धोक्याच्या प्रत्येक नोटिशीवर ठळक अक्षरांत छापले गेले पाहिजे. महापालिका ते छापणार नसेल, तर भाडेकरूंनी संघटित होऊन वाड्यावाड्याच्या दारावर ते लिहावे. घर सोडण्याचा हुकूम दारापर्यंत पोहोचतो, तर हक्काची माहितीही पोहोचलीच पाहिजे.