‘सुटलं का?’ हा प्रश्न आधी सोडा

घरातला एखादा मुलगा व्यसनमुक्ती केंद्रातून परत आला की सगळे एकच प्रश्न विचारतात. मावशी विचारते, शेजारचे काका विचारतात, मित्र व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात: ‘काय, सुटलं का?’

प्रश्न मायेचाच असतो. पण ब्राउन शुगर, हेरॉईन किंवा मेडिकलमधून कशाबशा मिळवलेल्या वेदनाशामक गोळ्या, थोडक्यात अफूच्या कुळातली कुठलीही नशा असेल, तर हा प्रश्न चुकीचा आहे. कधी कधी जीवघेणाही. त्याच्या जागी विचारायला हवं ते हे: ‘औषध चालू आहे ना?’

हे आपण विचारत नाही, कारण या व्यसनावर औषध आहे हेच बहुतेकांना माहीत नसतं. आणि ज्यांना माहीत असतं त्यातल्या बऱ्याच जणांना ते मान्य नसतं. माझं भांडण या दुसऱ्या मंडळींशी आहे.

आधी शरीरात काय होतं ते बघू. अफूच्या कुळातले पदार्थ मेंदूतल्या ठरावीक जागांवर जाऊन बसतात. वेदना थांबते, बरं वाटतं, आणि श्वास मंदावतो. रोज घेतलं की शरीराला सवय होते, तेवढ्याने भागत नाही, मात्रा वाढत जाते. बंद केलं की टर्की लागते. अंग मोडून येतं, जुलाब, उलट्या, घाम, झोपेचा पत्ता नाही. टर्की साधारण आठवडा-दहा दिवसांत ओसरते. महिनाभर केंद्रात राहिलेला मुलगा चार किलो वजन वाढवून, दाढी करून, हसत घरी येतो. सगळ्यांना वाटतं, सुटलं.

पण मेंदूची ओढ संपलेली नसते. संपलेली असते ती नशा पचवण्याची ताकद. महिन्यापूर्वी जी पुडी त्याला फक्त टर्कीपासून वाचवत होती, तीच आता त्याचा श्वास थांबवू शकते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या कैद्यांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मरण्याचा त्यांचा धोका राज्यातल्या इतर रहिवाशांच्या १२९ पट होता. तुरुंग आणि केंद्र एक नव्हे, हे मान्य. पण शरीराच्या दृष्टीने गोष्ट तीच आहे. काही दिवस सक्तीने बंद, मग दार उघडतं, आणि हातात औषध नसतं. ज्या दिवशी आपण पेढे वाटतो, त्या दिवसापासून धोका सुरू होतो.

औषधं मुख्यतः दोन आहेत, मेथडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन. दोन्ही २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवायची. ती मेंदूतल्या त्याच जागांवर जाऊन बसते, पण काम अर्धवटच करते. टर्की लागत नाही, ओढ कमी होते, आणि मात्रा वाढवली तरी श्वासावरचा परिणाम एका मर्यादेपाशी थांबतो. वरून हेरॉईन घेतलं तर त्याला बसायला जागाच उरत नाही. फ्रान्सने १९९५ मध्ये साध्या फॅमिली डॉक्टरांना ही गोळी लिहायची मुभा दिली. पुढच्या चार वर्षांत तिथले अतिमात्रेचे मृत्यू जवळपास चार-पंचमांशाने घटले. अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासले तर दिसतं की औषध चालू असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली येतं, आणि औषध थांबवल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात वाईट असतात.

एवढं असूनही आपण अडतो कुठे?

खरं तर महाराष्ट्राला हे समजायला सोपं जायला हवं होतं. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द पसरला तेव्हा अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, पु. ल. देशपांड्यांनी मदतीचा हात दिला, आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ उभं केलं. ज्याला लोक ‘गर्दुल्ला’ म्हणून हाकलत होते तो गुन्हेगार नसून आजारी माणूस आहे, हे मराठी घरांना तिथून ऐकू आलं. चाळीस वर्षांत ते वाक्य आपल्या तोंडात छान बसलं. ‘व्यसन हा आजार आहे’ असं आता पोलीस म्हणतात, पुढारी म्हणतात, कॉलेजच्या पथनाट्यातली पोरंही म्हणतात. पण आजार म्हटला की पुढे औषध येतं. तिथे मात्र लगेच ‘इच्छाशक्ती’ आठवते. दम्याच्या माणसाचा पंप काढून घेऊन आपण त्याला मनोनिग्रहावर व्याख्यान देत नाही. इथे तेच करतो आणि वर त्याला संस्कार म्हणतो.

पहिला आक्षेप ठरलेला: ‘ही तर एका नशेच्या जागी दुसरी नशा.’ नाही. नशा म्हणजे दिवसातून चार वेळा पुडी शोधणं, त्यासाठी आईचं मंगळसूत्र विकणं, दुसऱ्याची सुई वापरणं, आणि पुडीत काय आहे हे माहीत नसताना ती घेणं. सकाळी एक गोळी जिभेखाली ठेवून रिक्षा चालवायला जाणारा माणूस नशेत नसतो. त्याचं शरीर औषधावर अवलंबून आहे, हे खरं. इन्सुलिन घेणाऱ्याचंही असतं.

दुसरा आक्षेप: ‘गोळ्या बाहेर विकल्या जातात.’ जातात, हे लपवण्यात अर्थ नाही. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर घेतलं तर हे औषधही घातक ठरू शकतं. म्हणूनच गोळीत नॅलोक्सोन मिसळतात, म्हणजे ती विरघळवून टोचली तर नशेऐवजी टर्की लागावी. पण एक विचार करा. जे औषध दवाखान्यात सहज, फुकट आणि अपमान न होता मिळतं, ते काळ्या बाजारात कोण विकत घेईल? गळती थांबवायला दार बंद करणं हा उपाय नाही, दारं वाढवणं हा आहे.

तिसरा आक्षेप: ‘किती दिवस घ्यायचं?’ कुणाला वर्ष, कुणाला दहा वर्षं, कुणाला कदाचित कायम. हे डॉक्टर आणि रुग्णाने मिळून ठरवायचं. तारीख काकांनी ठरवायची नाही.

आता पंजाबकडे बघा. ‘उडता पंजाब’ बघून आपण हळहळलो, पण त्यानंतर तिथे काय झालं ते बघितलं नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये मोगा, तरनतारन आणि अमृतसर या तीन जिल्ह्यांत सरकारने बाह्यरुग्ण क्लिनिकं सुरू केली. भरती व्हायचं नाही, कोंडायचं नाही, यायचं आणि गोळी घ्यायची. पुढे ती राज्यभर झाली, लाखो लोकांनी नावं नोंदवली. ज्यांना आपण ‘सुधारायचं नसलेले’ समजतो, ते लोक औषधासाठी स्वतःहून रांगेत उभे राहिले. अडचणी होत्याच. रोज यायच्या अटीमुळे मजुराचा रोज बुडायचा. २०२० च्या टाळेबंदीत ती अट सैल झाली आणि अनेक दिवसांच्या गोळ्या घरी न्यायला मिळाल्या. जे आधी अशक्य म्हटलं जात होतं ते काही आठवड्यांत शक्य झालं.

पण त्याच पंजाबने जुलै २०१८ मध्ये अमली पदार्थ विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात फाशी द्या अशी शिफारस केंद्राकडे केली, आणि २०२५ मध्ये आरोपींच्या घरांवर बुलडोझर चालवले. टाळ्या बुलडोझरला मिळतात. क्लिनिकच्या रांगेचा व्हिडिओ कुणी फॉरवर्ड करत नाही.

नुसता पुरवठा तोडला की काय होतं याचा धडा अमेरिकेने स्वतःच्या माणसांचे जीव देऊन गिरवला आहे. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन बाजारात आली, डॉक्टरांनी ती भरमसाट लिहिली. मग गोळ्यांवर बंधनं आली. पण लोकांची ओढ तशीच राहिली. त्यातले अनेक जण हेरॉईनकडे वळले, पुढे बाजारात फेंटानिल आलं, आणि २०२१ मध्ये अतिमात्रेच्या मृत्यूंचा आकडा वर्षाला एक लाखाच्या पुढे गेला. या सगळ्या काळात व्यसन लावणारी गोळी साधा डॉक्टर लिहू शकत होता, पण त्यावरच्या उपचाराचं ब्युप्रेनॉर्फिन लिहायला वेगळी परवानगी लागत होती. ती अट कायद्याने रद्द झाली ती डिसेंबर २०२२ मध्ये.

आपल्याकडे अजून तोच उफराटा कारभार आहे. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार अफूजन्य पदार्थांमुळे मदतीची गरज असलेले भारतीय सुमारे ७७ लाख आहेत. यातले निम्म्याहून जास्त ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यांत महाराष्ट्रही आहे. ही गोळी मात्र मान्यताप्राप्त केंद्रांतूनच मिळते. तालुक्याच्या गावातल्या मुलाने कुठे जायचं? कायदा तर दोन तोंडांनी बोलतो. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४ अ नुसार स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण आहे, पण कलम २७ मध्ये नुसत्या सेवनालाही तुरुंग आहे. दारात पोलीस उभा असेल या भीतीने जो दवाखान्यात येतच नाही, त्याला कलम ६४ अ कोण वाचून दाखवणार?

आणि ‘केंद्रात टाका’ म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा व्यसनालाही लागू आहे, आणि त्यात रुग्णाला साखळीने बांधायला साफ मनाई आहे. ‘आमच्याकडे मारून सरळ करतात’ असं कुणी कौतुकाने सांगितलं, तर ते उपचार केंद्र नाही, गुन्ह्याची जागा आहे.

मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयात ही गोळी मिळाली पाहिजे. तुरुंगातून आणि केंद्रातून बाहेर पडताना, ज्याला गरज आहे आणि ज्याची तयारी आहे त्याच्या हातात औषध आणि पुढच्या भेटीची तारीख असली पाहिजे. सेवनासाठीची शिक्षा गेली पाहिजे.

हे सगळं सरकारने करायचं. तुमच्या हातात आहे ते आजच करता येईल. मित्राला नशा लागली आहे असं कळलं तर सरकारच्या १४४४६ या मोफत हेल्पलाइनला फोन लावा आणि जवळचं केंद्र विचारा. तिथे फोनवर स्पष्ट विचारा, ‘ब्युप्रेनॉर्फिन देता का?’ पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर जा. चार महिन्यांनी त्याच्याकडून स्लिप झाली तर ‘सगळं वाया गेलं’ असं म्हणू नका, पुन्हा बरोबर जा. आणि घरात कुणी त्याला ‘सुटलं का?’ विचारलं, तर त्याच्या वतीने तुम्हीच उत्तर द्या, ‘औषध चालू आहे, तब्येत बरी आहे.’